एकशे वीस पानांचा डाव

म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाजवळ, नजरबाद भागात, प्रतिमा गॅलरी नावाचं एक दालन आहे. ‘रामसन्स कला प्रतिष्ठान’ ही संस्था 2007 पासून तिथे ‘क्रीडा कौशल्य’ नावाचं प्रदर्शन भरवत आली आहे. आर. जी. सिंह आणि रघु धर्मेंद्र ही त्यामागची दोन महत्त्वाची नावं. नवरात्रात हीच मंडळी त्याच ठिकाणी ‘बोंबे मने’ मांडतात. म्हैसूरच्या घराघरांतून दसऱ्याला ज्या बाहुल्या मांडतात, त्यांचा हा मोठा बाजार. ‘क्रीडा कौशल्य’मध्ये बाहुल्यांऐवजी बैठे खेळ असतात. कापडावर रंगवलेले सारीपाट, लाकडात कोरलेले पट, पितळी आणि लाकडी सोंगट्या, कवड्या, लांबट चौपैलू फासे. कानडीत ज्याला चौकाबारा म्हणतात तो आपला कवड्यांचा अष्टाचंगाच. हुली-कुरी म्हणजे वाघ-बकरी, आणि पगडे म्हणजे सारीपाट. सोलापूर-सांगलीकडचा माणूस इथे आला, तर नावं विचारावी लागतील, खेळ शिकवावे लागणार नाहीत.

या प्रदर्शनातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे इथल्या वस्तू विकायला असतात आणि त्या खेळण्याजोग्या असतात. वेगवेगळ्या प्रांतांतले कारागीर आपापल्या शैलीत एकच पट घडवतात. माणूस तो घरी नेतो, सतरंजी अंथरतो आणि मुलांना घेऊन बसतो. संग्रहालयातला पट काचेआड असतो. इथला पट हातात येतो आणि फासा टाकला की बोलू लागतो.

पण मला म्हैसूरला ओढून नेलं होतं ते पानांनी. पटांचं हे पुनरुज्जीवन ज्या शहरात झालं, त्याच शहरात एका राजाने पत्त्यांच्या खेळाचा जगात कुठेही सापडणार नाही असा पसारा मांडला होता.

मुम्मडी कृष्णराज वाडियार, म्हणजे तिसरे कृष्णराज. जन्म 1794. श्रीरंगपट्टण पडलं, टिपू गेला आणि 1799 मध्ये पाच वर्षांच्या या मुलाला इंग्रजांनी गादीवर बसवलं. कारभार दिवाण पूर्णय्यांकडे राहिला. राजा मोठा झाला, काही वर्षं स्वतः राज्य केलं, आणि 1831 मध्ये कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. पुढे 1868 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते राजे होते, पण राज्य कमिशनर चालवत होते. सत्ता गेलेल्या संस्थानिकांनी त्या काळात काय काय केलं याच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. या राजाने ग्रंथ लिहिले, लिहवून घेतले, चित्रकार पोसले आणि खेळ रचले. बुद्धिबळाच्या पटावर घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जाऊन पट पुरा करायचा, या जुन्या कोड्यावर त्यांनी इतकं काम केलं की युरोपातले बुद्धिबळाचे इतिहासकार आजही ‘म्हैसूरच्या राजा’चं नाव घेतात.

‘श्रीतत्त्वनिधी’ हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ. त्याचे नऊ निधी आहेत: शक्ती, विष्णू, शिव, ब्रह्म, ग्रह, वैष्णव, शैव, आगम आणि शेवटचा कौतुक. देवदेवतांची ध्यानं आणि त्यांची रंगीत चित्रं यांनी तो भरलेला आहे. योगाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक आहे तो त्यातल्या 122 आसनांच्या चित्रांमुळे. त्याची मूळ प्रत म्हैसूर विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहे. आणि मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट: या ग्रंथाची देवनागरीतली छापील संहिता निघाली ती मुंबईत, खेमराज श्रीकृष्णदासांच्या वेंकटेश्वर छापखान्यात.

त्यातल्या कौतुकनिधीत पत्त्यांचे 13 खेळ वर्णिलेले आहेत. त्यांना ‘छद’ म्हणतात. सर्वांत लहान खेळ 36 पानांचा आणि सर्वांत मोठा 360 पानांचा. चामुंडेश्वरी, नवग्रह, पंचपांडव, दशावतार अशा विषयांवर एकेक खेळ. म्हणजे पुराण, ज्योतिष आणि राजदरबार यांची अख्खी मांडणी पत्त्यांच्या रंगांत उतरवलेली. नेहमीच्या गंजिफांत, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांत, प्रत्येक रंगाला राजा आणि प्रधान अशी दोनच चित्रपानं असतात. छदाच्या खेळांत चित्रपानांची संख्या वाढते, त्यांच्यात पायऱ्या येतात. ही पानं पाहताना त्यांतलं रेखाटनाचं काम थक्क करतं. नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या वर्तुळात देवता, तिचं वाहन, आयुधं, प्रभावळ, आणि यातलं काहीही कोंबल्यासारखं दिसत नाही.

तरीही माझं मत सांगतो: खेळ म्हणून छद जगला नाही, आणि तो जगणं कठीणच होतं. 360 पानं वाटायची कशी, धरायची कशी, गेलेली पानं लक्षात ठेवायची कशी? ज्या दरबारात माणसांना वेळच वेळ होता तिथेच हा खेळ चालू शकत होता. राजवाड्याच्या भिंतींबाहेर तो पसरला नाही. राजे गेले आणि खेळणारेही गेले. पानं उरली.

जी राहिली त्यांची दखल घेतली ती एका जर्मनाने. रुडॉल्फ फॉन लायडन यांचा जन्म बर्लिनचा, 1908 सालचा. शिक्षण भूगर्भशास्त्राचं. 1933 मध्ये ते मुंबईत आले आणि इथलेच झाले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी चित्रकलेवर लिहिलं. सूझा, रझा, हुसेन, आरा या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिलेल्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. याच गृहस्थांनी भारतभरच्या गंजिफा जमवल्या, त्यांचे रंग, खुणा आणि नियम नोंदवले. म्हैसूरच्या छदांवरचं त्यांचं पुस्तक 1973 मध्ये व्हिएन्नाहून निघालं आणि 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या गंजिफांच्या प्रदर्शनाचा ग्रंथ त्यांनी लिहिला. आज या विषयावर कोणीही काही लिहायला बसलं की त्याला या दोन पुस्तकांपाशी यावंच लागतं. आपल्याकडे भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोड्यांनीही गंजिफांच्या इतिहासाचे धागे शोधले होते. पण पानं हातात घेऊन, जमवून, मोजून काम केलं ते फॉन लायडन यांनी.

गंजिफा आपल्याकडे आल्या इराणकडून. बाबराच्या आठवणींत 1527 सालची नोंद आहे की सिंधच्या शाह हसनला गंजिफांची फार आवड, म्हणून त्याने त्या मागितल्या आणि बाबराने पाठवल्या. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त 12 रंगांच्या जुन्या खेळाचं वर्णन केलं आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे त्यांचे राजे, आणि प्रत्येक रंगाची 12 पानं, म्हणजे एकूण 144. मुघल गंजिफा पुढे आठ रंगांची, 96 पानांची रूढ झाली. त्यांत ताज, शमशेर, गुलाम, चंग हे रंग होते, म्हणजे दरबारातली खातीच जणू. दक्षिणेत आणि पूर्वेकडे त्याच साच्यात विष्णूचे दहा अवतार बसले. दहा रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. ओडिशात गंजपा, बंगालमधल्या विष्णुपुरात दशावतार तास, तेलंगणात निर्मल, आणि आपल्याकडे सावंतवाडी.

दशावतारी डाव कसा चालतो ते नीट सांगितलं पाहिजे, कारण गंजिफांबद्दल लिहिणारे बहुतेक जण चित्रांवर थांबतात आणि खेळापर्यंत पोचतच नाहीत.

साधारणपणे तीन खेळाडू बसतात. पानं गोल असल्यामुळे ती आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून हाताने कालवतात. प्रत्येकाला 40 पानं. प्रत्येक रंगाला एक अवतार: मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू, रामाची बाण. प्रांताप्रांताने काही खुणा बदलतात. विष्णुपुरात तर नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ बसतो. रंगाचा राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान, मग एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. इथे मेंदूला ताण देणारा नियम येतो. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमकं उलट, तिथे प्रधानाच्या खालोखाल एक्का आणि दश्शी तळाला. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो.

उतारी कोणाची, हे घड्याळावर नाही, सूर्यावर ठरतं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची उतारी, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. तो राजा आणि त्याबरोबर एक हलकं पान टाकतो, इतर दोघे दोन-दोन पानं देतात. आणि हुकूम नाही! मेंढीकोटात हुकमाच्या दुर्रीने दुसऱ्या रंगाचा एक्का कापता येतो. गंजिफांत कापाकापी नाही. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगातलं मोठं पान हात करतं. म्हणून सगळा खेळ स्मरणावर येतो. मत्स्याचा राजा पडला का? पडला असेल तर माझा प्रधान आता सर्वांत मोठा. प्रधानही गेला असेल तर माझी दश्शी चालेल. 120 पानांतली कोणती गेली, कोणती कोणाच्या हातात असतील, हे डोक्यात ठेवायचं आणि कागदावर काही लिहायचं नाही.

एवढ्या नियमांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. गंजिफांतल्या सुट्या पानाला स्वतःची ठरलेली किंमत नसते. कासवाची पंजी कधी कचरा असते आणि कधी तीच हात करून देते. तिचं मोल इतर 119 पानांवर ठरतं.

पानं जमवण्याच्या आजच्या जगात मात्र सगळा भर सुट्या पानावर आहे. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची चित्रं येत. 1909 ते 1911 या काळात निघालेलं होनस वॅगनर या खेळाडूचं असंच एक चित्रपान 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरना विकलं गेलं. त्याच वर्षी मिकी मँटलच्या 1952 सालच्या पानाने 1 कोटी 26 लाख डॉलरचा आकडा गाठला. जपानमध्ये 1996 मध्ये सुरू झालेली पोकेमॉनची पानं तर खेळण्यासाठीच निघाली होती, तरी त्यांतली दुर्मीळ पानं आज कोणी खेळत नाही. पान तपासायला पाठवायचं, एक ते दहा असा दर्जा लावून घ्यायचा, आणि ते कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करायचं, ही तिथली रीत. कोपरा दुमडलेला नसावा, छपाई मध्यावर असावी, हात लागलेला नसावा. पानाला हात लागला की त्याची किंमत उतरते.

या छंदाची मला चीड नाही. लहानपणी क्रिकेटपटूंची आणि कुस्तीगिरांची पानं आपल्यापैकी अनेकांनी जमवली. त्यांतला आनंद अदलाबदलीचा होता. माझ्याकडे एक पान दोनदा आलं आहे, तुझ्याकडे दुसरं, चल बदलू या. त्या देवघेवीतून संच पुरा होई आणि मैत्रीही होई. पानं जमवणाऱ्यांच्या मेळ्यांत माणसं जमतात ती मुळात याच ओढीने. पण तिथल्या बाजाराचा नियम जसाच्या तसा गंजिफांना लावला की नुकसान होतं, आणि ते आता होत आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांत सुट्या गंजिफा विकायला असतात. डाव मोडायचा, राजे आणि प्रधान वेगळे काढायचे, काळ्या मखमलीवर चिकटवून चौकटीत घालायचे. चित्रपानं चांगल्या भावाने जातात. मासे, कासवं, बाण मोजणारी साधी पानं कोणालाच नको असतात. 120 पानांच्या डावातून 20 चित्रपानं काढली की उरलेल्या 100 पानांचं काहीच करता येत नाही.

म्हैसूरच्या छदांचं याहून वाईट. तिथे एकेका खेळाचे मोजकेच संच तयार झाले. त्यांतला एक संच फुटला की खेळाची पूर्ण मांडणी दाखवणारा एक पुरावाच संपतो. कौतुकनिधीत नियम लिहिलेले आहेत, पण लिहिलेला नियम पानावरच्या चित्राशी ताडून पाहायला अख्खा संच लागतो. फॉन लायडन यांना जे जमलं ते पुरे संच पाहायला मिळाले म्हणून जमलं.

जुन्या डावांत कधी कधी एखादं पान वेगळ्याच हाताचं दिसतं. रेघ जाडसर, रंग थोडा निराळा, वर्तुळ किंचित लहान. हरवलेल्या पानाच्या जागी कोणी तरी दुसऱ्या चित्रकाराकडून नवं करून घेतलेलं. दर्जा लावणाऱ्या तज्ज्ञाच्या दृष्टीने हा दोष आहे. मला मात्र असा डाव सर्वांत जवळचा वाटतो. तो खेळला गेला होता. कोणाचं तरी पान दिवाणखान्यातल्या बैठकीखाली सरकलं, पोराने खिडकीतून फेकलं, आणि घरच्यांना डाव अपुरा ठेववेना.

हा अपुरेपणा भरून काढणारे हात आजही सावंतवाडीत आहेत, यात आपलं भाग्य आहे. तिथे चितारी समाजाची ही कला. कागद-कापडाचे थर चिकटवायचे, चिंचोक्याची खळ लावायची, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा. दरबारासाठी बारीक काम, बाजारासाठी झपाट्याचं काम, अशा दोन प्रतवाऱ्या. दरबारी कलम आणि बाजारी कलम हे शब्द आजही वापरतात. श्रीमंतांसाठी हस्तिदंताच्या आणि कासवाच्या पाठीच्या गंजिफा होत, सामान्यांसाठी कागदाच्या.

मग परदेशातून छापील पत्ते आले. बेल्जियमच्या टर्नहाऊट गावातले आणि जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे कारखाने जगभर पत्ते पाठवत. 52 पानं, यंत्रावर छापलेली, खिशात मावणारी आणि स्वस्त. हाताने रंगवलेली 120 पानं त्यांच्यापुढे कशी टिकणार? बदाम सात, झब्बू, रमी, मेंढीकोट घरोघर गेले. गंजिफांचे डबे फडताळांत गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत हे काम जाणणारे चितारी जवळजवळ संपले होते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठलं. त्यांच्याकडून दोघांनी स्वतः काम शिकून घेतलं, राजवाड्यात मुलामाणसांना शिकवायला लावलं आणि 1971 मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केलं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. पुढच्या पिढ्यांत लखमराजे आणि श्रद्धा भोसले हे काम चालवत आहेत. राजवाड्याच्या दालनात कारागीर बसून रंगवताना आजही दिसतात. खरं तर या कलेबद्दल बोलताना राजघराण्याचं नाव पुढे येतं आणि पुंडलिक चिताऱ्यांचं मागे राहतं. ज्या माणसाच्या बोटांत हे काम शिल्लक होतं त्याने ते दिलं नसतं, तर घेणाऱ्यांना घेण्यासारखं काही उरलंच नसतं.

म्हैसूरच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जगन्मोहन राजवाडा 1861 मध्ये याच कृष्णराजांनी बांधला आणि 1915 मध्ये तो चित्रसंग्रहालय झाला. रविवर्म्याची चित्रं पाहायला लोक तिथे रांग लावतात, पण तिथे गंजिफाही आहेत. पुण्यात दिनकर केळकरांच्या संग्रहालयातही गंजिफा आहेत. शनिवारवाडा बघून झाल्यावर जे तिथे जातात, त्यांनी त्या कपाटाजवळ पाच मिनिटं जास्त थांबावं.

पण मानांकनाने आणि काचेच्या कपाटाने खेळ जगत नाही. ‘क्रीडा कौशल्य’ने पटांच्या बाबतीत जे केलं ते गंजिफांच्या बाबतीत अजून नीटपणे झालेलं नाही. पट विकत घेणाऱ्याला पट कसा मांडायचा ते कळतं, कारण आजीने तो खेळलेला असतो. गंजिफांचा डबा विकत घेणारा तो दिवाणखान्यात शोभेला ठेवतो, कारण त्याला शिकवणारं घरात कोणी उरलेलं नाही. सावंतवाडीत आणि म्हैसुरात नव्या गंजिफा तयार होतात, त्या प्रवासी घेतात, आणि त्यांतल्या बहुतेक एकदाही चादरीवर पालथ्या पसरल्या जात नाहीत. हे बदलायला फार पैसा लागत नाही. एखाद्या वाचनालयाने, एखाद्या दिवाळी मेळ्याने एका संध्याकाळी तीन-तीन जणांच्या चार बैठका मांडल्या, नियम सांगणारा एक माणूस बसवला, तर त्यातून काही घरं तरी हा खेळ उचलतील. कोकणातल्या, कोल्हापुरातल्या, बेळगावातल्या शाळांनी तर हे करायलाच हवं. मुलांच्या स्मरणशक्तीसाठी विकतचे वर्ग लावण्यापेक्षा गंजिफांचा एक डाव आणून द्यावा.

ज्यांच्या घरी माळ्यावर जुना डबा आहे त्यांना एक विनंती. आधी पानं मोजा. 96 भरली तर मुघल गंजिफा, 120 भरली तर दशावतारी असण्याची शक्यता मोठी. कमी भरली तरी टाकून देऊ नका आणि राजे-प्रधान वेगळे काढून विकू नका. कोणत्या रंगाची कोणती पानं नाहीत ते लिहून ठेवा. डबा कोणाचा, कोणत्या गावचा, कोण खेळायचं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून त्या कागदाच्या पाठीवर लिहा. हरवलेली पानं सावंतवाडीत करून घेता येतात का ते विचारा. विकायचीच वेळ आली तर अख्खा डाव एकाच हातात द्या, संग्रहालयाला देता आला तर उत्तमच.

आणि डाव पुरा असेल तर या दिवाळीत तीन जण बसा. भाऊबीजेला दुपारी बसलात तर रामाची उतारी, रात्री बसलात तर कृष्णाची.